बाळाशी कोणत्या भाषेत बोलावे? सीमाभागातला एक राहून गेलेला प्रश्न

बेळगावच्या वडगावातल्या एका विणकराच्या घरी गेल्या पावसाळ्यात मी तासभर बसले होते. मागच्या खोलीत माग चालू होता, सोप्यात आजी चरख्यावर कांड्या भरत होत्या आणि चौदा महिन्यांचा त्यांचा नातू शेजारच्या टोपलीतल्या कांड्या एकेक करून बाहेर काढत होता. त्याने एक कांडी उचलून आजींच्या तोंडापुढे धरली आणि तो म्हणाला, "तां." आजींनी हात थांबवला नाही, पण मान पूर्ण त्याच्याकडे वळवली. "तांबडा गा, तांबडा. आज्जीचा धागा तांबडा. तुझं झबलं पण तांबडंच की." मुलाने झबल्याकडे पाहिले, कांडीकडे पाहिले आणि पुन्हा म्हणाला, "तां." एवढ्यात सून आतून म्हणाली, "आत्ती, रेड म्हणायला शिकवा की त्याला. नर्सरीत तेच विचारतात." आजी "बरं" म्हणाल्या आणि गप्प झाल्या. मुलाने आणखी दोनदा कांडी पुढे केली. उत्तर आले नाही, तेव्हा ती टोपलीत टाकून तो दाराकडे रांगत गेला.

त्या सुनेला दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. आपण जिथे अडखळलो तिथे मुलाने अडखळू नये, एवढीच तिची इच्छा आहे आणि ती कोणत्याही आईची असते. परंतु त्या दोन मिनिटांत त्या घरातून काय गेले, हे तिला कोणी सांगितलेले नाही. मी तीस वर्षे मराठी प्राथमिक शाळेत पहिलीचा वर्ग घेतला. पहिल्या दिवशी वर्गात येणाऱ्या मुलांच्या बोलण्यातला फरक मी वर्षानुवर्षे पाहिला. तो फरक शाळेत तयार झालेला नसतो. तो शाळेआधीच्या सहा वर्षांत, सोप्यात, न्हाणीघरात, चुलीपुढे आणि अंगणवाडीच्या चटईवर तयार झालेला असतो.

कर्नाटकात असलेल्या आपल्या या मराठी सीमाभागात भाषेविषयी जेवढे बोलले गेले तेवढे महाराष्ट्रातल्या फार थोड्या भागांत बोलले गेले असेल. १९४६ साली बेळगावात भरलेल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, १९५६च्या राज्य पुनर्रचनेपासून सीमाप्रश्न धगधगत आहे आणि २००४पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी अशा गावांत गावकरी स्वतः वर्गणी काढून साहित्य संमेलने भरवतात, आणि त्या मांडवात बसताना मला आजही भरून येते. मात्र जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलाशी घरात आणि अंगणवाडीत कोणत्या भाषेत बोलले जाते, हा विषय एखाद्या ठरावात आल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. पाट्या, परिपत्रके, सातबाराचे उतारे यांच्या भाषेसाठी आपण भांडतो आणि ते भांडण योग्यच आहे. पण भाषा पुढच्या पिढीकडे जाते ती पाटीवरून जात नाही. माझे म्हणणे असे आहे की, बाळाशी घरातल्या प्रत्येकाने आपल्याला सर्वांत चांगली येणारी भाषा भरभरून बोलावी, आणि जिथे मुले मराठी बोलत येतात तिथल्या अंगणवाडीने त्यांना मराठीत आत घेऊन मग कन्नडकडे न्यावे. हे मत केवळ अभिमानातून आलेले नाही. मूल बोलायला कसे शिकते याविषयी गेल्या साठसत्तर वर्षांत जे कळले आहे, त्यातून ते सरळ निघते.

मूल भाषा ऐकू लागते ते जन्मण्याआधीपासून. गर्भात शब्द स्पष्ट पोहोचत नाहीत, पण आवाजाचा चढउतार आणि बोलण्याचा ठेका पोहोचतो. म्हणूनच नवजात बालक अनोळखी स्त्रीच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज पसंत करते, हे १९८०च्या एका प्रसिद्ध प्रयोगात दिसून आले. तोंडातली चोखणी विशिष्ट तऱ्हेने चोखली की आईचा आवाज ऐकू येतो असे कळताच बाळे तशीच चोखू लागली. पुढच्या महिन्यांत जे घडते ते आपल्या भाषेच्या अंगाने पाहण्यासारखे आहे. कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी १९८४ साली इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हे दोन वेगळे ध्वनी आहेत हे ओळखता आले, इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना मात्र ते सहज जमत नव्हते. दहा ते बारा महिन्यांपर्यंत त्या बाळांचीही ती क्षमता जवळजवळ मावळली. त्यांचे कान बिघडले नव्हते. आजूबाजूला जी भाषा बोलली जात होती तिला लागणारे भेद त्यांनी धारदार केले आणि न लागणारे बाजूला ठेवले. 'ताट' या साध्या शब्दातले दोन ध्वनी वेगळे ठेवण्यासाठी आपल्या बाळाने वर्ष पुरे होण्याआधीच केवढे काम केलेले असते, याची आपल्याला कल्पनाही नसते.

शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हेही मुलाला शोधावे लागते. कन्नड न येणारा माणूस बैलहोंगलच्या बसमध्ये बसला की त्याला सभोवतालचे बोलणे अखंड प्रवाहासारखे ऐकू येते, कारण लिहिताना आपण शब्दांमध्ये जागा सोडतो तशी बोलताना सोडत नाही. बाळाची अवस्था तीच असते. 'बाळालादूधदे', 'दूधसांडलं', 'गरमदूधआहे' असे ऐकत असताना 'दूध' हे ध्वनी नेहमी एकत्र येतात आणि त्यांच्या मागचेपुढचे बदलतात, हे त्याच्या लक्षात येते. १९९६मध्ये अमेरिकेत झालेल्या प्रयोगात आठ महिन्यांच्या बाळांनी अर्थहीन अक्षरांची सलग मालिका केवळ दोन मिनिटे ऐकून तिच्यातले 'शब्द' वेगळे केले. यासाठी बाळाला एकच गोष्ट पुरेशी मिळावी लागते, ती म्हणजे बोलणे. तुटक शब्दांची यादी नव्हे, सलग, पुन्हा पुन्हा वळून येणारे, जिवंत बोलणे.

आपल्याकडच्या आयाआज्या हे जाणून असल्यासारख्याच बोलतात. बाळाशी बोलताना आवाज वर चढतो, स्वर लांबतात, तेच वाक्य थोडे फिरवून तीनदा म्हटले जाते: "आलं का माझं सोनं? झोपून उठलं का? उठलं गं बाई माझं बाळ." मोठ्या माणसाशी आपण असे बोलत नाही, आणि मुलगा असो वा मुलगी, लाडात त्याला नपुंसकलिंगी करून टाकतो. जगातल्या अनेक भाषांमध्ये बाळाशी बोलण्याची अशी वेगळी लकब आढळते आणि बाळे तिच्याकडे अधिक लक्ष देतात. 'हम्मा', 'बाऊ', 'भूभू', 'मंमं' या शब्दांना काही सुशिक्षित पालक हसतात आणि 'मुलाशी शुद्धच बोलावे' असे सांगतात. त्यांनी काळजी करू नये. मूल त्या शब्दांवर अडकून राहत नाही. तोंडाला सोपे पडणारे हे शब्द त्याला संवादात पहिली जागा मिळवून देतात.

आता थोडे पुढे जाऊ. साधारण दोन महिन्यांत हुंकार, सहासात महिन्यांत 'बाबाबा', 'दादादा', वर्षाच्या आसपास पहिले अर्थपूर्ण शब्द आणि दोन वर्षांपर्यंत 'आई ये', 'दूध नको' अशी जोडी, हा क्रम बहुतेक मुलांत दिसतो, जरी प्रत्येकाची चाल थोडी निराळी असते. त्यानंतर जे होते ते शिकवून होणारे नसते. तीन वर्षांचे मूल म्हणते, "मी करलं" किंवा "बाबा जाला". घरात 'जाला' कोणीच म्हणत नाही, तर मग त्याने ते ऐकले कुठे? त्याने ते ऐकलेले नाही, घडवलेले आहे. 'बसला', 'उठला', 'पडला' यांतला नियम त्याने आपणहून ओळखला आणि 'जा'ला लावून टाकला. इंग्रजी मुलांना कधीही न ऐकलेले बनावट शब्द देऊन जीन बर्को यांनी १९५८ साली हेच दाखवून दिले होते, की मूल केवळ नक्कल करत नाही तर नियम शोधते. 'भात' पुल्लिंगी, 'भाकरी' स्त्रीलिंगी आणि 'दूध' नपुंसकलिंगी, याचे कारण कुठल्याही आईला सांगता येणार नाही. कन्नडमध्ये तर निर्जीव वस्तूंना असे स्त्रीपुरुष भेद नाहीतच, त्यामुळे चांगली मराठी शिकलेले कन्नड भाषिक गृहस्थही 'माझा भाकरी' म्हणून जातात. आमच्या सोप्यातले मराठी मूल मात्र शाळेची पायरी चढण्याआधी 'माझी भाकरी' बिनचूक म्हणते. 'चार'मधला 'च' आणि 'चाक'मधला 'च' वेगळा आहे, हे तर आपली लिपीही त्याला सांगत नाही. हे सगळे त्याला कोण देते? जी माणसे दिवसभर त्याच्या अवतीभवती पूर्ण वाक्यांत बोलतात, तीच.

वडगावच्या त्या घरातले नुकसान मी म्हणते ते इथे आहे. मुलगा 'तां' म्हणाला तेव्हा आजींनी त्याचा एक तुकडा उचलून त्याला तीन वाक्ये परत दिली. त्यात रंग होता, वस्तू होती, 'आज्जीचा' आणि 'तुझं' यांतला फरक होता, 'तांबडा' आणि 'तांबडं' यांतला बदल होता, आणि कांडी व झबले यांना जोडणारे एक साम्य होते. मुलाने ज्या वस्तूकडे बोट केले त्याच वस्तूविषयी, त्याच क्षणी, त्याच्या डोळ्यांत पाहून बोलणे, हे भाषा शिकण्याचे सर्वांत मोठे साधन आहे. त्याऐवजी 'रेड' आले असते तर त्याला एक शब्द मिळाला असता. प्रत्यक्षात तोही मिळाला नाही, कारण आजींना इंग्रजी येत नाही आणि आपली मराठी बाळाला अपायकारक आहे असे वाटून त्या गप्प झाल्या. घरात इंग्रजी आणण्याच्या या धडपडीत इंग्रजी येत नाही, फक्त मराठी जाते, आणि जी व्यक्ती बाळाशी सर्वांत जास्त बोलू शकली असती तिचेच तोंड बंद होते.

जी आई स्वतः चांगले इंग्रजी बोलते, तिने बाळाशी खुशाल इंग्रजी बोलावे. माझा आक्षेप त्या भाषेला नाही. 'काऊ बघ', 'मिल्क पी', 'हँड धुऊन ये' या बोलण्यात नाम तेवढे इंग्रजी आहे. क्रियापदांची, लिंगवचनांची, भावनेची सगळी ताकद मराठीचीच आहे, आणि तरी बोलणाऱ्याला सतत शब्द आठवावे लागत असल्याने वाक्ये आखूड होत जातात. ज्या भाषेत आपल्याला रागावता येत नाही, समजूत घालता येत नाही, काल काय झाले ते रंगवून सांगता येत नाही, ती भाषा आपण मुलाला देऊ शकत नाही. ती त्याला जिला चांगली येते अशा शिक्षिकेकडून मिळू दे. आणि तेव्हा मराठीत त्याच्याकडे जितके जास्त शब्द व जितक्या जास्त कल्पना असतील तितकी ती लवकर मिळेल. पहिलीच्या वर्गात मी हे रोज पाहिले. अक्षरे जुळवत 'वि-ही-र' असे वाचून झाल्यावर ज्याच्या मनात आधीपासून विहीर असते त्याचा चेहरा उजळतो. ज्याच्या मनात ती नसते त्याच्यासाठी ती तीन अक्षरेच राहतात, मग लिपी कोणतीही असो.

मोबाईलविषयी फार लिहीत नाही, कारण त्यावर सगळेच बोलतात. फक्त एक प्रयोग सांगते. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांशी चिनी भाषा बोलणाऱ्या व्यक्ती बारा वेळा, दर वेळी सुमारे पंचवीस मिनिटे खेळल्या, आणि त्या बाळांनी चिनी ध्वनींतले भेद टिकवले. दुसऱ्या गटाला त्याच व्यक्ती, तेच बोलणे पडद्यावर दाखवले. त्या बाळांनी काहीच उचलले नाही. पडदा बाळाच्या बोटाकडे पाहत नाही आणि त्याच्या 'तां'ला उत्तर देत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये असे सांगते. जेवण भरवताना इंग्रजी गाणी लावून दिली म्हणजे 'इंग्रजी कानावर पडते', या समजुतीवर आपल्या भागातली कितीतरी जेवणे मुकाट्याने उरकली जात आहेत.

आता कन्नडविषयी. माझ्या काही मराठी मित्रांना पुढचे म्हणणे रुचणार नाही, तरी ते मला मांडले पाहिजे. २०११च्या जनगणनेनुसार बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४८ लाख होती आणि त्यात पाचांतील जवळपास एक जण मराठी मातृभाषेचा होता. बाकीच्यांत बहुसंख्य कन्नड, आणि उर्दू, कोकणी बोलणारेही आहेत. आपल्या मुलांना कन्नड आले पाहिजे, उत्तम आले पाहिजे. ते शेजाऱ्यांची भाषा म्हणून आले पाहिजे आणि उदरनिर्वाहासाठीही आले पाहिजे. दोन भाषांनी मुलाचा गोंधळ होतो ही भीती निराधार आहे. आमच्या गल्लीत अडीच वर्षांची एक मुलगी आहे. समोरच्या कन्नड घरात गेली की ती "अव्वा, नीरु बेकु" म्हणते आणि उंबरठा ओलांडून आजीकडे आली की "पाणी दे". माणूस पाहून भाषा बदलण्याची ही जाण दोन वर्षांच्या आसपासच मुलांत दिसू लागते. कधी ती 'मला नीरु दे' असे मिसळूनही बोलते. तो गोंधळ नसतो, हाताशी जो शब्द आधी आला तो तिने वापरलेला असतो. अशा मुलाला किती शब्द येतात हे पाहताना दोन्ही भाषांतले शब्द एकत्र मोजावे लागतात, केवळ मराठीतले किंवा केवळ कन्नडमधले मोजले तर मूल उगाच मागे वाटते. आपली मराठी तरी कुठे वेगळी वाढली? 'अक्का', 'अण्णा', 'तूप' हे शब्द आपण कन्नडशी नांदून मिळवलेले आहेत, आणि बेळगावच्या बोलीतल्या 'काय करूलालाय?' या प्रश्नात जो गोडवा आहे तो पुण्याच्या मराठीत शोधून सापडणार नाही.

याच संदर्भात एक काळजीची गोष्ट. मूल दोन वर्षांचे झाले आणि बोलत नसेल तर आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात: 'त्याचा बापही उशिरा बोलला होता' आणि 'घरात एकच भाषा बोला, दोन भाषांमुळे असे होते'. दुसरा सल्ला माझ्याच नात्यातल्या एका आईला एका दवाखान्यात मिळाला, तिने शेजारच्या कन्नड घरी मुलाला पाठवणे बंद केले, आणि त्यात एक वर्ष गेले. मुलाला ऐकू येत नव्हते. जन्मतः लक्षणीय श्रवणदोष असलेले मूल हजारामागे एखाददुसरे तरी असते, आणि पहिल्या काही महिन्यांत तेही हुंकार देते, हसते, माणसाच्या चेहऱ्याकडे पाहते, म्हणून ते लक्षात येत नाही. एका महिन्याच्या आत कानांची तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचाराला सुरुवात, हे या क्षेत्रातले मान्य वेळापत्रक आहे. २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अशी तपासणी होते, आणि वाचा व श्रवण यांची देशातली नामांकित संस्था आपल्याच राज्यात, म्हैसूरला आहे. भाषा बंद करण्याआधी कान तपासा. ज्या घरात दिवसभर मागाचा खडखडाट असतो तिथे तर मी आणखी एक विनंती करीन, की बाळाला मागाच्या खोलीपासून दूर ठेवा आणि त्याच्याशी जवळ जाऊन बोला. गोंगाटातून बोलणे वेगळे काढणे मोठ्यांना जमते तसे बाळाला जमत नाही.

घराबाहेरचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण तिथे कायदा येतो, आणि कायदा नेमका या वयापाशी गप्प आहे. १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले कलम ३५०अ सांगते की, भाषिक अल्पसंख्याक गटांतल्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा राज्याने आणि स्थानिक संस्थांनी प्रयत्न करावा. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना हक्क देतो. अंगणवाडीची योजना १९७५पासून चालू आहे आणि ती जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. पण तिच्याकडे आपण खिचडी, दूध, वजनकाटा आणि लसीकरण म्हणूनच पाहिले. मूल भाषा शिकते ती ज्या वर्षांत, त्या वर्षांसाठी भाषेचा स्पष्ट हक्क कुठे लिहिलेला नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा एकत्र धरला आणि शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले, ही योग्य दिशा आहे. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे.

कर्नाटक सरकारला हा युक्तिवाद परका नाही. १९९४च्या आदेशाने याच सरकारने पहिली ते चौथीचे माध्यम मातृभाषा किंवा कन्नड असावे असे ठरवले होते आणि लहान मूल मातृभाषेतच उत्तम शिकते ही भूमिका न्यायालयात वर्षानुवर्षे मांडली. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सरकारला अशी सक्ती करता येणार नाही आणि मुलाची मातृभाषा कोणती हे पालकच ठरवतील, असा निर्णय दिला. सक्ती गेली, पण त्या सक्तीमागे जो बालशास्त्राचा आधार सरकारने दिला होता तो खोटा ठरलेला नाही. म्हणून मी सरकारला एवढेच म्हणते, की जो आधार कन्नड मुलांसाठी खरा आहे तो खानापूर, बेळगाव, निपाणीच्या मराठी मुलांसाठीही खरा आहे. त्याच न्यायाने मराठी वस्तीतल्या अंगणवाडीत येणाऱ्या कन्नड, उर्दू किंवा कोकणी मुलालाही त्याच्या भाषेत दोन शब्द ऐकायला मिळाले पाहिजेत. हे मागताना मराठी माणसाने हात आखडता घेऊ नये. २०१५च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांना पहिलीपासून कन्नड शिकवणे बंधनकारक केले आहे, म्हणजे कन्नड सहाव्या वर्षी येणारच आहे. तोवरच्या तीन वर्षांत मुलाच्या भाषेचा पाया घट्ट झाला तर त्या कन्नडचेही भले होईल.

यासाठी फार खर्चाची मागणी नाही. जिथे बहुसंख्य मुले मराठी बोलत येतात तिथल्या अंगणवाडीत सेविका आणि मदतनीस यांपैकी किमान एकीला मराठी सहज यावी. तक्ते आणि गाणी दोन्ही भाषांत असावीत. आणि सेविकेच्या प्रशिक्षणात मुलाचे एक शब्दाचे बोलणे वाक्यात कसे परत करायचे याला पोषणाइतकाच वेळ मिळावा. आपल्या संमेलनांनी आणि मराठी संघटनांनी गावातल्या आज्यांना आठवड्यातून एकदा अंगणवाडीत गोष्ट सांगायला नेले, तर त्यासाठी सरकारच्या आदेशाचीही वाट पाहायला नको.

खानापूर तालुक्यातल्या एका अंगणवाडीत मी गेल्या हिवाळ्यात सकाळ घालवली. सेविका बैलहोंगलकडून लग्न होऊन आलेली, कन्नड भाषिक, कामात अत्यंत प्रामाणिक. चटईवर चौदा मुले होती आणि ती प्राण्यांच्या तक्त्यावर काठी ठेवून "नायी" (कुत्रा), "बेक्कु" (मांजर) म्हणत होती. मुलेही मागोमाग म्हणत होती, एका सुरात, खिडकीबाहेर पाहत. साडेतीन वर्षांची एक मुलगी मध्येच उठली आणि चुलीपाशी डाळ ढवळणाऱ्या मदतनिसाजवळ जाऊन उभी राहिली.

"मावशी, आमच्या मांजरीला पिल्लं झाल्यात."

"व्हय? कुठं घातली गं?"

"माळ्यावर. कापसात. एक काळं हाय, त्याचं डोळं उघडलं न्हाईत अजून."

हळूहळू आणखी चार मुले चुलीभोवती जमली आणि ज्याच्या त्याच्या घरचे मांजर बाहेर आले. सेविका काठी खाली ठेवून क्षणभर पाहत राहिली. तिने मदतनिसाला कन्नडमध्ये विचारले, ही काय म्हणते आहे? मदतनिसाने सांगितले. मग ती त्या मुलीसमोर उकिडवी बसली, तक्त्यावरच्या मांजराकडे बोट केले आणि म्हणाली, "बेक्कु! एष्टु मरी? मूरु?" किती पिल्लं? तीन?

मुलगी थोडा वेळ तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. नंतर तिने तीन बोटे वर केली आणि म्हणाली, "मूरु."